ज्या झाडाचा उपयोग कुणालाच माहीत नव्हता

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, महाबळेश्वरपासून आंबोलीपर्यंत आणि तिथून खाली कर्नाटक-केरळाकडे, सदाहरित रानाच्या कडेकडेने नरक्या नावाचं एक लहानखुरं झाड वाढतं. पंधरा-वीस फुटांचं, फांद्यांच्या टोकाशी गर्दी केलेल्या मोठ्या पानांचं. गळून गेलेल्या पानांच्या खुणा फांदीवर ठळक उमटलेल्या दिसतात. पावसाळ्यात त्याला फिकट, पिवळसर फुलांचे घोस येतात आणि त्यांना असा वास सुटतो की जवळून जाणारा नाक दाबूनच पुढे सरकतो. इमारती लाकूड म्हणून त्याला कुणी विचारत नव्हतं, फळासाठी कुणी लावत नव्हतं. आयुर्वेदाच्या नावाजलेल्या झाडांत, अडुळसा-हिरडा-अर्जुनाच्या पंगतीत, त्याला जागा नव्हती. आज त्याच झाडाच्या लाकडातून, सालीतून आणि मुळांतून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य काढतात आणि त्यापासून बनलेली औषधं मोठ्या आतड्याच्या, अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवर जगभर वापरली जातात. ज्या झाडाचा काही उपयोग माहीत नाही ते झाड कशासाठी राखायचं, असा प्रश्न रस्ता, खाण किंवा धरण येतं तेव्हा हमखास विचारला जातो. त्याला सहसा भावनेचं उत्तर मिळतं. माझं म्हणणं असं की त्याचं उत्तर रोकड्या हिशेबातही बसतं, फक्त तो हिशेब उपयोग कळायच्या आधी मांडावा लागतो. नरक्याच्या बाबतीत तो उपयोग कळल्यानंतर मांडला गेला, आणि त्याची किंमत झाडाने मोजली.

या द्रव्याचा शोध मुळात नरक्यात लागलेला नाही. 1950च्या दशकात अमेरिकेत कॉर्टिझोन या औषधाला प्रचंड मागणी होती आणि ते बनवायला लागणारा कच्चा माल एखाद्या वनस्पतीत स्वस्तात मिळेल का, हे तिथलं शेती खातं धुंडाळत होतं. फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत मन्रो वॉल हे रसायनशास्त्रज्ञ या कामावर होते. हजारो वनस्पतींचे अर्क त्यांनी काढून ठेवले होते. 1957मध्ये त्यांतले सुमारे हजार अर्क त्यांनी राष्ट्रीय कॅन्सर संस्थेकडे तपासणीला दिले. त्यांत एकच अर्क उंदरांतल्या कॅन्सरवर विलक्षण प्रभावी ठरला. तो होता कॅम्प्टोथेका अॅक्युमिनाटा या मूळच्या चिनी झाडाचा, जे कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या सरकारी बागेत लावलेलं होतं. म्हणजे शोध चालला होता एका रोगाच्या औषधाचा, हाती लागलं दुसऱ्याच रोगाचं, आणि तेही कुणा वैद्याने बोट दाखवलं म्हणून नव्हे. वॉल पुढे नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. 1962 साली तिथे त्यांच्या जोडीला आले मनसुख वाणी: जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, पीएच.डी. इंडियाना विद्यापीठाची. अर्कातून नेमकं द्रव्य वेगळं करून त्याची रचना उलगडण्याचं काम या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, आणि 1966मध्ये ती रचना प्रसिद्ध झाली. पाच वर्षांनी याच जोडीने टॅक्सॉलची रचनाही प्रसिद्ध केली. कॅन्सरवरच्या दोन मोठ्या औषधकुळांच्या मुळाशी असलेला हा नंदुरबारचा माणूस 2020मध्ये वारला. महाराष्ट्रात त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

रचना कळली म्हणजे औषध झालं, असं मात्र नाही. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे शिरेतून द्यायचं कसं हा पहिला पेच होता. त्यावर सोपी तोड निघाली: त्याचा सोडियम क्षार बनवायचा, तो पाण्यात सहज विरघळतो. 1970च्या सुमाराला तो रुग्णांना देऊन पाहिला. गुण यथातथाच आला आणि त्रास भयंकर झाला. रक्तपेशी घटल्या, मूत्राशयाला सूज येऊन लघवीतून रक्त जाऊ लागलं. चाचण्या बंद पडल्या आणि औषध बासनात गेलं. पुढे कारण उमगलं ते असं. या रेणूत पाच कड्या आहेत. कॅन्सरवरचा त्याचा सारा जोर शेवटची कडी मिटलेली असण्यावर अवलंबून आहे. सोडियम क्षार करताना नेमकी तीच कडी उघडते, म्हणून रक्तात तो निकामी फिरत राहतो. मूत्राशयात आम्ल असतं. तिथे पोचल्यावर कडी पुन्हा मिटते आणि जिथे नको तिथे विष जागं होतं. ‘निसर्गाचं ते निर्धोक’ असं जो मानतो, त्याने एवढं एकच उदाहरण लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे. नरक्याची साल उकळून प्यायल्याने कॅन्सर बरा होतो असं कुणी सांगत असेल, तर त्याला हा इतिहास माहीत नाही असं समजावं. पाण्यात न उतरणारं द्रव्य काढ्यात किती उतरेल याचा नेम नाही, आणि जे उतरेल ते किती मात्रेचं हे घरी कळायला मार्ग नाही.

द्रव्य नेमकं काय करतं हे 1985मध्ये कळलं. पेशीतला डीएनए दुपदरी दोरीसारखा पीळ घातलेला असतो. त्याची नक्कल करायची तर पदर उलगडावे लागतात, आणि एका टोकाला उलगडताना पुढे पीळ साचत जातो. तो सोडवायला टोपोआयसोमरेज-एक नावाचं विकर आहे. ते एक पदर कापतं, पीळ निघू देतं आणि कापलेलं पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन या कापणं आणि जोडणं यांच्या मधल्या क्षणी तिथे जाऊन बसतं आणि जोडू देत नाही. मागून नक्कल करत येणारी यंत्रणा त्या तुटक्या जागी आदळते, दोरी कायमची तुटते, पेशी मरते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना हा फटका जास्त बसतो. कॅन्सरच्या पेशी त्यांत येतात, पण अस्थिमज्जेच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशीही येतात. औषधाचे दुष्परिणाम तिथूनच निघतात. वर्म कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी मूळ रेणूला पाण्यात विरघळणारे उपांग जोडले, शेवटची कडी मात्र मिटलेली ठेवली. त्यातून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही दोन औषधं तयार झाली आणि 1996मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. झाडाच्या अर्कापासून तिथपर्यंत जवळपास चाळीस वर्षं गेली होती. अलीकडच्या काळात याच कुळातले रेणू प्रतिपिंडाला बांधून थेट कॅन्सरच्या पेशीपर्यंत नेले जातात. स्तनाच्या कॅन्सरवरची काही नवी औषधं या जातीची आहेत, म्हणजे बासनात गेलेली ही गोष्ट अजून वाढतेच आहे.

एक शंका इथे कुणालाही यावी. पीळ सोडवणारं हे विकर झाडाच्या पेशीतही असतं. मग स्वतःच्या विषाने झाड मरत कसं नाही? 2008मध्ये जपानी संशोधकांनी याचा छडा लावला. कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींत या विकराच्या साखळीतला एक अमिनो आम्लाचा मणी बदललेला असतो. तेवढ्यामुळे विषाला तिथे बसायला जागा राहत नाही. गंमत पुढे आहे. औषधाला दाद न देणाऱ्या माणसाच्या कॅन्सरपेशींत जे बदल प्रयोगशाळेत सापडले होते, त्यांत नेमका त्याच जागचा तोच बदल होता. झाडाने लाखो वर्षांत काढलेली पळवाट ट्यूमरने काही महिन्यांत काढली. वनस्पतींतली ही द्रव्यं आपल्यासाठी निर्माण झालेली नाहीत, हे यावरून उघड व्हावं. पाय नसलेल्या जिवाने किडीपासून, बुरशीपासून, चरणाऱ्या जनावरापासून वाचण्यासाठी तयार केलेली ही हत्यारं आहेत. ती आपल्यावर चालतात कारण किड्याच्या, बुरशीच्या आणि माणसाच्या पेशीची मूळ यंत्रं बरीचशी सारखी आहेत. कण्हेर, धोतरा, करंज, कडुनिंब ही सगळी याच शस्त्रागाराची दालनं. त्यांतलं औषध कोणतं आणि विष कोणतं हे झाड ठरवत नाही.

नरक्या या गोष्टीत आला तो मुंबईतून. गोरेगावला सिबा कंपनीचं संशोधन केंद्र होतं आणि टी. आर. गोविंदाचारी हे नामवंत रसायनशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी 1972मध्ये दाखवून दिलं की नरक्यात कॅम्प्टोथेसिन आहे, आणि चिनी झाडाशी बरोबरी करील, किंबहुना त्याच्याही वर जाईल इतकं आहे. वाळलेल्या लाकडात हजारात एक-दोन भाग, काही झाडांत त्याहून पुष्कळ अधिक. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन झाडं एकमेकांची नातेवाईक नाहीत. वेगळी कुळं, वेगळे देश, आणि द्रव्य मात्र एकच. एखाद्या झाडाचं जवळचं नातलग बघून त्यात काय असेल याचा अंदाज बांधावा, तर इथे तोही चालला नसता. नरक्या उघडून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

यावर पहिला आक्षेप आपल्याकडून येतो: हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीत होतं, परंपरेने सांगितलेली झाडं सांभाळली की पुरे. या म्हणण्यात तथ्य आहेच. अडुळशातलं वासिसिन हे द्रव्य 1888मध्ये वेगळं केलं गेलं, त्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन आलं आणि त्यावरून अॅम्ब्रॉक्सॉल. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ही नावं असतात. सर्पगंधेचं तर मुंबईशी नातं आहे. रुस्तम जाल वकील यांनी 1949मध्ये उच्च रक्तदाबावरच्या तिच्या परिणामाचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे वळलं आणि 1952मध्ये तिच्यातून रिसर्पिन हाती आलं. पण परंपरा कुठवर नेते आणि कुठे सोडते हे पाहायचं तर सदाफुली पाहावी. वेस्ट इंडीजमध्ये तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत, म्हणून कॅनडातल्या संशोधकांनी तो उंदरांना देऊन पाहिला. साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र धडाधड उतरल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन निघालं, आणि पुढे त्याचंच भावंड व्हिन्क्रिस्टिन, जे मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही दिलं जातं. परंपरेने इथे दारापर्यंत आणून सोडलं, आत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. नरक्याच्या बाबतीत तर दारही दाखवलं गेलं नव्हतं. यात परंपरेचा कमीपणा नाही. अनेक कॅन्सर पोटात, रक्तात, हाडात लपून वाढतात. पेशींची गणती करण्याचं साधन नसताना एखाद्या पाल्याने ते ओसरले की नाही हे वैद्याला कळावं कसं? ताप उतरला, खोकला सुटला, झोप लागली, हे उघड्या डोळ्यांना दिसतं, आणि परंपरेची ताकद तिथेच मोठी आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हजार अर्कांत एक लागला, तर ही लॉटरी झाली. अमेरिकेच्या कॅन्सर संस्थेने 1960पासून दोनेक दशकं सुमारे पस्तीस हजार वनस्पतींचे लाखाच्या वर अर्क तपासले, आणि त्यांतून औषध म्हणून पार पडलेली द्रव्यं बोटांवर मोजण्याइतकी. असल्या भरवशावर रान कोण राखेल? हिशेब केला तर हे प्रमाण खरोखरच दरिद्री आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी त्यात सुटतात. एक, तपासणी त्या काळच्या चाळणीतून झाली होती. उंदराच्या ठरावीक कॅन्सरवर जे चाललं तेवढंच उरलं, बाकीचं टाकून दिलं. त्या टाकलेल्यात मलेरिया, क्षय, बुरशी किंवा वेदनेवरचं काय होतं, हा प्रश्न त्या चाळणीने विचारलाच नव्हता. दुसरी, या लॉटरीचं तिकीट आपण काढत नाही, ते आधीच काढलेलं असतं आणि रानात उभं असतं. तोडण्याने वाचतं काय, तर फार थोडं. शिवाय बक्षीस लागलं तर त्याचं मोल गुणोत्तरात मावत नाही. टॅक्सॉल ज्या झाडाच्या सालीतून निघालं तो पॅसिफिक यू अमेरिकेच्या वायव्य भागात लाकूडतोडीत आडवा येणारा कचरा समजला जाई आणि मोठी झाडं पाडून नेल्यावर जाळून टाकला जाई. त्याची साल 1962मध्ये कॅन्सर संस्थेसाठी गोळा झाली, तीही कुणी खास सुचवली म्हणून नव्हे, तर समोर येईल ते झाड तपासायचं या शिस्तीत.

मग रसायनशास्त्र एवढं पुढे गेलं असताना झाड हवंच कशाला, असं विचारलं जातं. रचना कळली की प्रयोगशाळेत बनवा. कॅम्प्टोथेसिन प्रयोगशाळेत 1971मध्येच बनवून झालं होतं. तरी एवढा काळ उलटूनही बाजारात येणाऱ्या मालाचा मोठा भाग झाडांतूनच येतो, कारण पायऱ्यापायऱ्यांनी कृत्रिमरीत्या बनवण्यापेक्षा झाडाकडून घेणं स्वस्त पडतं. टॅक्सॉलच्या बाबतीत मधला रस्ता निघाला. एक किलो औषधासाठी सुमारे दहा हजार किलो साल लागायची आणि साल सोलली की झाड मरायचं. तेव्हा फ्रान्समधल्या पिएर पोतिए यांच्या गटाने युरोपीय यूच्या पानांतून जवळचा रेणू काढला आणि त्यावरून औषध बनवायची वाट दाखवली. पानं दरवर्षी येतात. पण या सगळ्या वाटा रचना कळल्यानंतरच्या आहेत. कॅम्प्टोथेसिनच्या पाच कड्यांची ती मांडणी कुणा रसायनशास्त्रज्ञाने टेबलाशी बसून योजली नसती. कशाची नक्कल करायची हे आधी झाडाने सांगावं लागलं.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र माझ्याच मुद्द्याच्या पोटातून निघतो. उपयोग कळला म्हणून नरक्या वाचला का? उलट झालं. जोवर तो निरुपयोगी होता तोवर त्याला कुणी हात लावत नव्हतं. परदेशातून मागणी आल्यावर कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या डोंगरपट्ट्यात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात झाडं बुंध्यापासून तोडली गेली, मुळांत द्रव्य जास्त म्हणून मुळंही खणली गेली. चोरट्या वाहतुकीच्या, वनखात्याच्या धाडींच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत राहिल्या. तोडणाऱ्या गावकऱ्याच्या हाती पडणारी मजुरी आणि औषधाच्या कुपीची किंमत यांतली तफावत इथे सांगत बसायला नको. नुकसान नुसतं झाडांच्या संख्येतही मोजता येत नाही. एकाच रानातल्या दोन नरक्यांमध्ये द्रव्याचं प्रमाण कमालीचं वेगळं असू शकतं. सरसकट तोडीत उत्तम प्रतीची झाडं त्यांचं बी न ठेवता जातात, आणि उद्या लागवड करायची तर तेच बी हवं असतं. मग उपयोगाचा मुद्दा मांडणं म्हणजे कुऱ्हाडीला पत्ता देणंच नाही का? मला तसं वाटत नाही, पण ‘वाटत नाही’ म्हणून भागणार नाही. नरक्याची अडचण उपयोग कळण्यात नव्हती, लागवडीच्या आधी बाजार उभा राहण्यात होती. गोरेगावच्या शोधापासून औषधांना मान्यता मिळेपर्यंत चोवीस वर्षं हाताशी होती. तेवढ्यात नरक्याची बनं उभी राहिली असती, पण तोवर त्या द्रव्याला भाव नव्हता आणि भाव नसलेल्या झाडाची लागवड करायला कुणी धजलं नाही. चिनी झाडाच्या कोवळ्या पानांत द्रव्य चांगल्या प्रमाणात असतं हे कळल्यावर तिथे पानं खुडायची आणि झाड राखायचं हा मार्ग खुला झाला. आपल्याकडे खोड आणि मूळ हाच माल राहिला. 2005मध्ये जम्मूच्या संशोधकांनी नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतही कॅम्प्टोथेसिन सापडल्याचं दाखवलं, तेव्हा आता झाडाला हात लावायला नको अशी आशा वाटली होती. पण अशा बुरशा प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की त्यांचं उत्पादन ओसरत जातं, हा अनुभव आहे. झाडाची सुटका अजून झालेली नाही.

कायद्याचं म्हणाल तर 2002चा जैवविविधता कायदा याच कोंडीवर बेतलेला आहे. चेन्नईत राष्ट्रीय प्राधिकरण, महाराष्ट्रासाठी नागपूरला राज्य मंडळ, गावपातळीवर व्यवस्थापन समिती आणि तिने करायची लोक जैवविविधता नोंदवही. व्यापारी वापर करणाऱ्याने परवानगी घ्यावी आणि लाभातला वाटा गावापर्यंत यावा, ही कल्पना चांगलीच आहे. 2023च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला आणि नोंदणीकृत आयुष वैद्यांना लाभवाटपातून बरीच सूट दिली. त्यावर वाद आहेत, ते आहेत तिथे राहोत. नरक्याच्या अंगाने मला खटकतं ते वेगळंच. या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे उपयोगाचं ज्ञान: कुणाला कोणतं झाड कशासाठी माहीत आहे. नोंदवहीतही झाडाच्या नावापुढे उपयोगाचा रकाना येतो, आणि तो रिकामा राहिलेलं झाड कुणाच्याच खिजगणतीत राहत नाही. 1960 साली आंबोलीत अशी नोंदवही झाली असती तर नरक्यापुढे फार तर ‘वास येतो’ एवढंच लिहिलं गेलं असतं. तेव्हा ज्या झाडांपुढचा रकाना रिकामा आहे त्यांची यादी वेगळी काढावी, त्यांचं बी गोळा करून रोपवाटिकेत वाढवून पाहावं, पान-साल-फळ यांचे नमुने विद्यापीठांच्या रसायनशास्त्र विभागांत तपासायला द्यावेत. यातलं एकही काम खर्चाचं किंवा अवघड नाही. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी डझनावारी महाविद्यालयं आहेत आणि दरवर्षी तिथली एम.एस्सी.ची मुलं प्रकल्पासाठी तुळस, कोरफड आणि कडुनिंब यांचाच अर्क नव्याने काढत असतात.